मिशन आणि मंडळी : ल्यूथरन परंपरेतील एक प्रश्न, बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

वऱ्हाडातील नित्याच्या बोलण्यात 'मिशन' हे एका जागेचे नाव आहे. मिशनचा बंगला, मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा असे आपण म्हणतो, आणि त्या शब्दामागे कुंपण, कौलारू इमारत व जुनी झाडे डोळ्यांसमोर येतात. 'मंडळी' हा शब्द मात्र माणसांचा आहे. रविवारी उपासनेस जमणारा ख्रिस्ती समुदाय स्वतःस मंडळी म्हणवितो. मिशन ही जागा आणि मंडळी ही माणसे, असा जो भेद भाषेने नकळत करून ठेवला आहे, त्यात एका महत्त्वाच्या धर्मशास्त्रीय प्रश्नाचे बीज आहे. धर्मप्रसार व लोकसेवा हे कार्य कोणाचे? दूरच्या संस्थेने पाठविलेल्या वेतनधारी प्रचारकाचे, की रविवारी एकत्र येऊन सोमवारी आपापल्या उद्योगाला लागणाऱ्या सामान्य श्रद्धावंतांचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ल्यूथरन परंपरेच्या आधारे करावयाचा आहे.

येथे वाचक साहजिकच हरकत घेईल की, बुलढाणा जिल्हा हे ल्यूथरन पंथाचे क्षेत्र नव्हे. ही हरकत रास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निरनिराळ्या प्रॉटेस्टंट संस्थांनी परस्परांच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून आपापले प्रदेश सामंजस्याने वाटून घेतले. त्या वाटणीत अकोला व बुलढाणा हा टापू 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकन संस्थेकडे राहिला. अल्बर्ट सिम्प्सन यांनी 1887 साली उभारलेल्या चळवळीतून ही संस्था निघाली. अकोल्यास मार्क व जेनी फुलर या दांपत्याने आधीपासून चालविलेले काम पुढे तिच्यात मिळाले. जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेले पुस्तक 1900 साली पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. घाटाखालच्या मलकापूर-खामगाव भागात आगगाडी व कापसाची बाजारपेठ होती, म्हणून केंद्रेही प्रथम तिकडे झाली. घाटावरच्या चिखली-मेहकरकडील गावांशी संपर्क त्या मानाने विरळ राहिला. ल्यूथरन मंडळ्या शोधावयाच्या तर सातपुडा ओलांडून बैतूल-छिंदवाड्याकडे जावे लागते. तेथे स्वीडिश ल्यूथरन मिशनने काम केले, आणि त्या टापूतील सौसर-पांढुर्णा भाग मराठीभाषी आहे.

मग ल्यूथरन परंपराच का निवडावी? कारण वर मांडलेला प्रश्न तिच्यात जितक्या उघडपणे उभा राहिला, तितका अन्यत्र क्वचितच राहिला असेल. 1520 साली मार्टिन ल्यूथरने जर्मन सरदारवर्गाला उद्देशून जे लिहिले त्यात धर्मगुरू व सामान्य जन यांतील तात्त्विक भिंत त्याने पाडून टाकली. बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण याजकच होय आणि चांभाराचे वा शेतकऱ्याचे कामही ईश्वराने दिलेले पाचारणच होय, असे त्याचे प्रतिपादन होते. सावता माळ्याची परंपरा ज्यांनी ऐकली आहे त्यांना मळ्यातील कामातच उपासना पाहण्याची ही दृष्टी अपरिचित वाटू नये, मात्र दोहोंची तात्त्विक भूमी निराळी आहे, हे विसरून चालणार नाही.

विचित्र गोष्ट अशी की, एवढे व्यापक तत्त्व हाती असूनही पुढील दीडशेहून अधिक वर्षे ल्यूथरन धर्मपीठे परदेशी धर्मप्रसाराविषयी उदासीनच राहिली. जगभर सुवार्ता सांगण्याची आज्ञा प्रेषितांच्या काळातच पुरी झाली, असा अभिप्राय विटेनबर्गच्या धर्मशास्त्र विभागाने सतराव्या शतकाच्या मध्याला दिला होता. विद्यापीठीय विभागांचे अभिप्राय नेहमीच दूरदृष्टीचे असतात असे नाही! ही कोंडी श्पेनर व फ्रांके यांच्या भक्तिवादी चळवळीने फोडली. हाल्ले येथे शिकलेले त्सीगेनबाल्ग व प्लुत्शाव हे दोघे 1706 साली तरंगमबाडीस उतरले. परंतु त्यांना धाडणारा डेन्मार्कचा राजा होता. एखाद्या मंडळीने त्यांना पाठविले होते असे म्हणता येत नाही.

मंडळीने स्वतः हे कार्य अंगावर घेतल्याचे उदाहरण बर्लिनमध्ये सापडते. धर्मच्छळामुळे बोहेमियातून परागंदा झालेल्या लोकांसाठी त्या नगरात 1737 साली बेथलेहेम चर्च उभे राहिले. निर्वासितांची ही मंडळी लहान होती, आणि तिच्याजवळ ना राजाश्रयाचा दिमाख होता ना संपत्ती. तिचा पाळक योहानेस येनिके याने 1800 साली धर्मप्रचारकांना शिकविणारी शाळा काढली. तेथून सुमारे 80 तरुण बाहेर पडले. तिरुनेलवेलीकडे काम करणारा ऱ्हेनियस त्यांपैकीच एक. जर्मनीत त्यांना पाठविणारी समर्थ संस्था नसल्याने बहुतेकांना इंग्रज व डच संस्थांच्या सेवेत जावे लागले.

येनिकेनंतर 1829 साली योहानेस गोस्नर या मंडळीचा पाळक झाला. तो मूळचा रोमन कॅथलिक धर्मगुरू. 1826 मध्ये त्याने ल्यूथरन पंथ स्वीकारला होता. गोस्नरच्या कार्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम त्याने मंडळीतील लोकांना आजाऱ्यांच्या घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्यास लावले. त्यातून 1837 साली एलिझाबेथ रुग्णालय निघाले. याच सुमारास, 1836 मध्ये, काही कारागीर तरुण त्याच्याकडे आले. शिक्षण अपुरे म्हणून प्रस्थापित संस्था त्यांना घेईनात. गोस्नरने त्यांना घेतले, आणि आपला चरितार्थ आपल्याच हातांनी चालवून लोकांत राहावे असा दंडक त्यांना घालून दिला. ज्या तत्त्वाने चांभाराच्या आरीला धर्मकार्याची प्रतिष्ठा दिली, ते तत्त्व येथे प्रथमच चांभाराला जहाजावर चढविते, असे म्हणावयास हरकत नाही. गोस्नरच्या हयातीत शंभराहून अधिक माणसे अशा रीतीने बाहेर पडली.

त्यांपैकी एका तुकडीचा आपल्या प्रदेशाशी संबंध आला. 1842 च्या सुमारास ती अमरकंटकजवळ करंजिया येथे गोंड लोकांत जाऊन राहिली. शेती करावी, घरे बांधावी आणि शेजाऱ्यांची भाषा शिकावी, असा त्यांचा बेत होता. तथापि एकाच पावसाळ्यात पटकीने त्यांतील बहुतेकांचा बळी घेतला. वाचलेल्यांपैकी काही कामठी-नागपूरकडे आले. 1845 साली स्टीफन हिस्लॉप नागपुरात दाखल झाले, तेव्हा मध्य भारताच्या या भागाची थोडीफार माहिती असलेले हे जर्मन सहकारी त्यांना लाभले. विदर्भातील प्रॉटेस्टंट कार्याचा इतिहास स्कॉटिश मंडळींपासून सांगण्याची प्रथा आहे व ती चूकही नाही, परंतु त्या आरंभाच्या काठावर करंजियाच्या थडग्यांमधून उठून आलेले हे कारागीर उभे आहेत, याची नोंद क्वचितच होते. करंजियाचा प्रयोग फसला तो श्रद्धेच्या अभावी नव्हे. अपरिचित हवापाण्यात आधाराची कोणतीही व्यवस्था न ठेवता माणसे पाठविणे हा गोस्नरच्या पद्धतीचा खरा दोष होता, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली.

दुसरी तुकडी 2 नोव्हेंबर 1845 रोजी रांचीस पोहोचली. कित्येक वर्षे तिला यश आले नाही. 1850 च्या जूनमध्ये चार उरावांनी बाप्तिस्मा घेतला आणि तेथून छोटा नागपुरात मोठा समाज उभा राहिला. पहिल्या महायुद्धात जर्मन प्रचारक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. 1915 साली त्यांना देश सोडावा लागला. पैसा थांबला, मार्गदर्शक गेले आणि मालमत्तेचे भवितव्य अनिश्चित झाले. दुसऱ्या एखाद्या पंथात विलीन होणे हा सोपा मार्ग होता. मंडळीने तो नाकारला व 10 जुलै 1919 रोजी आपण स्वायत्त ल्यूथरन चर्च असल्याचे जाहीर केले. घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी बाजूस काढलेले मूठभर तांदूळ गोळा करून धर्मकार्यासाठी द्यावयाचे, ही तेथील रीत या स्वावलंबनाची बोलकी खूण होय. बर्लिनच्या निर्वासित मंडळीने जे आरंभिले, ते रांचीच्या आदिवासी मंडळीने पूर्णत्वास नेले.

याच 1919 साली, 9 मे रोजी, मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला होता आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही प्रकारच्या लोकांना त्यात स्थान दिले होते. टिळक ल्यूथरन नव्हते. रांचीशी त्यांचा काही पत्रव्यवहार होता असा दावाही येथे करावयाचा नाही. परंतु मिशनच्या वेतनावर अवलंबून असलेला धर्म लोकांचा होऊ शकत नाही, हा निष्कर्ष दोन अगदी निराळ्या वाटांनी एकाच वेळी निघाला, हे विचारात घेण्यासारखे आहे. त्याही आधीचे उदाहरण बुलढाण्याच्या वेशीवरच आहे. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या गावांपासून जवळच असलेल्या जालन्यास रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत वसविली. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मण गृहस्थाने निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळविली आणि प्रामुख्याने मातंग समाजातील कुटुंबांना तेथे शेती व धंद्याला लावले. त्यांचे वेतन स्कॉटलंडहून येत होते, पण वसाहतीची कल्पना सर्वस्वी त्यांची होती.

या प्रश्नाला आपल्याकडे राजकीय कडाही आहे. 1954 साली मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल 1956 मध्ये आला तेव्हा बुलढाण्यासह सारा विदर्भ त्याच राज्यात होता. परदेशी पैशाच्या बळावर होणाऱ्या धर्मांतरावर समितीचा मुख्य रोख होता. अहवालाच्या पद्धतीवर व निष्कर्षांवर पुष्कळ टीका झाली, आणि ती बव्हंशी योग्य होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही त्याने मंडळ्यांना एक कठोर प्रश्न विचारला हे नाकारता येत नाही : परका पैसा काढून घेतला तर तुमच्यापाशी काय उरते? रांचीने त्याचे उत्तर 37 वर्षे आधीच दिले होते. पुढे 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात असा निर्णय दिला की, घटनेच्या 25 व्या अनुच्छेदातील प्रचाराच्या स्वातंत्र्यात आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हक्क येतो, दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही. या चौकटीत मंडळीच्या बहिर्मुखतेचा अर्थ संख्यावाढीपेक्षा शेजारधर्माकडे अधिक झुकणे अपरिहार्य आहे. गोस्नरनेही आरंभ आजाऱ्याच्या उशाशी केला होता.

सेवा म्हणजे पगारी काम नव्हे, हा विचार बुलढाणेकरांना शिकवावयास नको. शेगावच्या संस्थानात गावोगावचे सेवेकरी पाळीने येऊन विनावेतन राबतात, हे दृश्य त्यांच्या परिचयाचे आहे. तत्त्वज्ञान भिन्न असले, तरी सामान्य गृहस्थाने काही दिवस आपला उद्योग बाजूस ठेवून धर्मकार्यात हात घालावा, ही रचना ल्यूथरच्या पाचारणाच्या कल्पनेपेक्षाही या मातीतील मंडळ्यांना अधिक समजण्याजोगी आहे.

जिल्ह्यातील मंडळ्या आज लहान आहेत, आणि त्यांचा इतिहास आजवर मिशनरी अहवालांवरूनच सांगितला गेला आहे. ते अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असत, त्यामुळे त्यांत मिशन दिसते व मंडळी झाकली जाते. संशोधक विद्यार्थ्याने त्याऐवजी बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या, पंचांच्या सभांची इतिवृत्ते आणि विशेषतः दानाच्या वह्या पाहाव्यात. कोणी किती आणे दिले, कोणी ज्वारी दिली, ती रक्कम पाळकाच्या वेतनाला गेली की दुष्काळी साली शेजारच्या घराला, हे त्या वह्यांवरून कळू शकेल. मलकापूर-खामगावकडील अशा वह्यांची तुलना बैतूल-छिंदवाड्याच्या ल्यूथरन मंडळ्यांतील वह्यांशी करता आली, तर पंथभेदाचा या बाबतीत खरोखर किती परिणाम होतो, हे प्रथमच पुराव्याने सांगता येईल.