मनाचे चढउतार – लेखांक ९ : वजनकाटा आणि मेंदूचा स्कॅन

मागच्या आठवड्यात आपण लिथियमची गोष्ट पाहिली. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना हा साधा क्षार देऊन पाहिला आणि पाऊण शतक उलटूनही बायपोलर या उन्माद आणि नैराश्याच्या आजाराच्या उपचारांतलं त्याचं स्थान हललेलं नाही. त्या लेखात एक तक्रार मी मुद्दाम बाजूला ठेवली होती, कारण तिला स्वतंत्र जागा हवी. मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधं घेणारे लोक आणि त्यांच्या घरचे ती एका वाक्यात मांडतात : "गोळ्यांनी डोकं शांत झालं, पण अंग सुटलं."

यावरचं ठरावीक उत्तर असतं, "आधी मन सांभाळा, वजनाचं नंतर बघू." ते अगदीच चुकीचं नाही. उन्मादाच्या भरात कर्ज करून बसलेल्या किंवा नैराश्यात जीव द्यायला निघालेल्या माणसाच्या बाबतीत चार-सहा किलोंचा हिशेब मागे पडणारच. पण हा 'नंतर' बहुधा येतच नाही. बायपोलर असलेल्यांचं आयुष्य सरासरी दशकभराने कमी भरतं आणि त्यात आत्महत्येपेक्षाही हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे वजन, रक्तदाब, साखर ही सगळी हृदयाच्या खात्यातली नोंद, असं आजवर धरलं गेलं. गेल्या दीड दशकातल्या संशोधनाने मात्र याच वजनाची नोंद मेंदूच्या खात्यातही करायला लावली आहे.

आधी मेंदूकडे पाहू. बायपोलरमध्ये मेंदूची रचना बदलते का, हा प्रश्न अनेक वर्षं लोंबकळत होता, कारण एकेका रुग्णालयात वीस-तीस जणांचे एमआरआय काढून निघालेले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसत. 'एनिग्मा' या आंतरराष्ट्रीय गटाने देशोदेशीचे स्कॅन एकाच पद्धतीने मोजायला घेतले, तेव्हा चित्र स्पष्ट होऊ लागलं. २०१६ मध्ये त्यांनी ४,३०४ जणांची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांत १,७१० जणांना बायपोलर होता. आठवणी घडवणारा हिपोकॅम्पस आणि मेंदूतलं संदेशांचं मोठं केंद्र असलेला थॅलॅमस हे दोन्ही भाग या रुग्णांमध्ये सरासरीने थोडे लहान होते, तर मेंदूच्या आतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या मोठ्या होत्या. भोवतालचा मेंदूचा भाग घटला की या पोकळ्या रुंदावतात. २०१८ मध्ये ६,५०३ जणांच्या अभ्यासात मेंदूचं बाह्य आवरण कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांत किंचित पातळ झालेलं आढळलं. लिथियम घेणाऱ्यांमध्ये मात्र ते तुलनेने जाड होतं.

इथे एक सावधगिरी हवी. हे सगळे फरक सरासरीचे आणि छोटे आहेत. रुग्ण आणि निरोगी माणसं यांची मोजमापं मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळलेली असतात. त्यामुळे एकट्या माणसाचा स्कॅन बघून "याला बायपोलर आहे" असं कोणालाही सांगता येत नाही. तसं सांगून पैसे घेणारं कोणी भेटलं, तर तिथून उठून यावं.

खरं कोडं वेगळंच आहे. पंधरा-वीस वर्षं आजार सोसलेल्या काहींचा मेंदू जवळजवळ निरोगी माणसासारखा दिसतो, तर काहींमध्ये थोड्याच काळात बदल जाणवतात. निदान तेच, मग हा फरक कशामुळे? झटके किती आले, उपचार कधी सुरू झाले, दारू-तंबाखू किती, ही कारणं तपासली जात होतीच. कॅनडातल्या वँकूवरमध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड बाँड, लक्ष्मी याथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यादीत वजनाची भर घातली. त्यांनी उन्मादाचा पहिलाच झटका येऊन गेलेले रुग्ण निवडले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, जास्त होता, त्यांच्या मेंदूतल्या करड्या आणि पांढऱ्या द्रव्याचं आकारमान कमी होतं. भावनांचं नियमन करणारे भागही त्यांत होते. हे रुग्ण आजाराच्या उंबरठ्यावरच होते. म्हणजे वजनाचा आणि मेंदूचा हा संबंध वर्षानुवर्षांच्या आजाराने आणि औषधांनीच तयार होतो, असं म्हणायची सोय उरली नाही.

त्यानंतर पुन्हा एनिग्मा गट पुढे आला. २०२१ च्या त्यांच्या अभ्यासात १७ संशोधन केंद्रांतले २,७३५ जण होते. त्यांतले १,१३४ बायपोलरचे रुग्ण होते. अपेक्षेप्रमाणे रुग्णांचा बीएमआय जास्त निघाला आणि मेंदूतल्या पोकळ्याही मोठ्या निघाल्या. संशोधकांनी मग गणिताने वजनाचा परिणाम वेगळा काढून पाहिला. तेव्हा रुग्ण आणि निरोगी यांच्यातला पोकळ्यांचा फरक कमी झाला. त्यांच्या हिशेबाने, बायपोलर आणि रुंद पोकळ्या यांच्यातल्या संबंधापैकी सुमारे १८ टक्के वाटा वजनाच्या वाटेने येत होता.

या आकड्याचा अर्थ नीट लावू. मोठ्या पोकळ्या ही बायपोलरमध्ये सर्वांत जास्त वेळा सापडलेल्या खुणांपैकी एक. ती आजाराचीच म्हणून आपण मोजत आलो, पण तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा शरीरातल्या चरबीशी जोडलेला असू शकतो. उरलेले चार हिस्से वजनाने समजत नाहीत, हेही तितकंच खरं. शिवाय वजन वाढलं की मेंदूचा प्रत्येक भाग आक्रसतो, असंही नाही. भीती आणि भावनांशी निगडित अमिग्डाला बायपोलरमध्ये लहान आढळला, तर जास्त बीएमआय असलेल्यांमध्ये मोठा. एकाच ठिकाणी आजार आणि वजन उलट दिशांना ओढताना दिसले. त्यामुळे "चरबीने मेंदू झिजतो" असा मथळा कुठे दिसला, तर तो अर्धवट समजावा.

पोटावरची चरबी कवटीच्या आत पोचते तरी कशी? चरबी म्हणजे शिलकीतल्या अन्नाची निष्क्रिय साठवण, ही जुनी समजूत १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधल्यावर मोडीत निघाली. चरबीच्या पेशी संप्रेरकं सोडतात आणि थेट मेंदूशी बोलतात. पोटातली चरबी वाढली की तिच्यात रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरत राहतात. हा दाह तापासारखा चढत नाही. तो मंद असतो आणि वर्षानुवर्षं चालू राहतो. त्याचे संदेश मेंदूपर्यंत पोचले की तिथल्या प्रतिकारक पेशीही जाग्या होतात आणि चेतापेशींच्या जोडण्यांची देखभाल बिघडते. दुसरी वाट इन्सुलिनची. हिपोकॅम्पसमध्ये इन्सुलिनला प्रतिसाद देणारे ग्राहक भरपूर असतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की हा भागही त्याच्या लाभाला मुकतो. कॅनडातल्याच हॅलिफॅक्समध्ये टोमास हायेक यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की, बायपोलरसोबत मधुमेह किंवा इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्यांचा हिपोकॅम्पस, साखर नीट असलेल्या बायपोलरच्या रुग्णांपेक्षाही लहान होता.

तरीही कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे सांगणं सोपं नाही. यांतले बहुतेक अभ्यास एकदाच काढलेल्या स्कॅनवर आधारलेले आहेत, आणि लग्नातल्या ग्रुप फोटोवरून मांडवात आधी कोण आलं हे काही कळत नाही. औषधं वजन वाढवतात, हे निश्चित. ओलान्झापिन, क्लोझापिन, क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट ही त्यातली ठळक नावं. यांतली काही औषधं मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या ठरावीक ग्राहकांना अडवतात, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि रात्री उठून डबे उघडले जातात. पण औषधं नसतानाही हा आजार वजन वाढवू शकतो : नैराश्याच्या काळात काही जण दिवसभर झोपून राहतात, गोडाची ओढ वाढते, घराबाहेर पाऊल पडत नाही. तिसरी शक्यता उलटी आहे. कपाळामागचा भाग आवेगांना लगाम घालतो. तोच कमजोर असेल, तर खाण्यावरचा ताबाही सुटणार. मग मेंदूतला बदल आधी आणि वजन नंतर, असा क्रम होईल.

यात लिथियम आणखी एक गुंता घालतं. त्यानेही काहींचं वजन वाढतं, आणि तरी ते घेणाऱ्यांचं मेंदूचं आवरण जाड आढळतं. म्हणजे "औषधाने वजन, वजनाने मेंदूचं नुकसान, म्हणून औषध वाईट" ही साखळी मधेच तुटते. हे ठासून सांगायचं कारण असं, की अशा लेखांची कात्रणं वाचून गोळ्या बंद करणारे लोक असतात. परत उलटलेला प्रत्येक झटका माणसाला, घराला आणि बहुधा मेंदूलाही जड जातो. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. वजनाबद्दल बोलायचं ते गोळी चालू ठेवून.

वजन आणि साखर सुधारली तर मन सुधारतं का? याची सुरुवातीची चाचणी हॅलिफॅक्सच्या सिंथिया कॅल्किन यांच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. उपचारांना दाद न देणारं बायपोलर नैराश्य आणि इन्सुलिन-प्रतिरोध, दोन्ही असलेल्या ४५ जणांपैकी काहींना मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दिलं गेलं, काहींना बिनऔषधी गोळी. २६ आठवड्यांत ज्यांचा इन्सुलिन-प्रतिरोध खरोखर हटला, त्यांचं नैराश्यही लक्षणीयरीत्या उतरलं. चाचणी छोटी आहे, तेवढ्यावरून सगळ्यांना मेटफॉर्मिन सुरू करायचं नसतं. चालण्याबद्दलचा पुरावा बायपोलरच्या बाहेरचा आहे : २०११ मध्ये अमेरिकेत १२० निरोगी ज्येष्ठांच्या अभ्यासात वर्षभर नियमित भरभर चालणाऱ्यांचा हिपोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. मोठ्या वयातही हा भाग बदलू शकतो, इतका निष्कर्ष त्यातून घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडच्या वाचकांनी एक गोष्ट जास्तीची लक्षात ठेवायची आहे. वर उल्लेखलेलं बरंचसं संशोधन बीएमआयवर उभं आहे आणि भारतीय शरीराच्या बाबतीत हे माप फसवं ठरतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच नमुना मांडला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात चरबी दडलेली असते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरतात आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. वजनकाट्याइतकीच शिंप्याकडची टेपही उपयोगाची, ती यासाठी.

घरात करायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या वेळेवर व्हायला हव्यात. नवी गोळी सुरू होण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करून आकडे फाइलमध्ये लिहून ठेवा. पहिले तीन महिने दर महिन्याला वजन पाहा. पहिल्याच महिन्यात ते पाच टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलोंहून जास्त, तर पुढेही वाढत जाण्याची शक्यता मोठी असते. तेव्हाच डॉक्टरांना गाठा. वजन फारसं न वाढवणारी लॅमोट्रिजिन किंवा लुरासिडोनसारखी औषधं आहेत. ती सगळ्यांना चालत नाहीत, पण "माझ्यासाठी पर्याय आहे का?" हे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. आणि घरच्यांनी ताटावर बसलेल्या माणसाला टोमणे मारू नयेत. गोळीने लागणारी भूक खरी असते, ती इच्छाशक्तीने हटत नाही. रात्री हाताशी फरसाण नसणं आणि सोबत चालायला कोणीतरी असणं, याचा उपयोग जास्त होतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी वजन केलं नाही, तर तुम्हीच आठवण करा. वयाला, आनुवंशिकतेला किंवा येऊन गेलेल्या झटक्यांना आता हात लावता येत नाही. मेंदूवर परिणाम करणाऱ्या गोष्टींपैकी वजन ही हाताशी असलेली एक आहे, आणि ती कधी मोजलीच गेली नाही तर तेवढी संधीही जाते.

(पुढील लेखांकात : झोपेचं घड्याळ आणि उन्मादाची चाहूल)