नज्जाशीच्या दरबारातले भाषण

आठवीतल्या एका मुलीने वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहून आणले. विषय होता मुलींचे दहावीनंतरचे शिक्षण. दोन पानांत सात शेर! मी विचारले, 'बेटा, हे ऐकून समोर बसलेल्या अब्बांनी काय करावे, असे तुला वाटते?' ती गप्प. मग मी तिला हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांचे नज्जाशीसमोरचे भाषण वाचायला दिले.

प्रसंग आपल्या घरांत परिचित आहे. मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमानांनी सुमारे इ.स. 615 मध्ये हबशाला हिजरत केली. त्यांना परत आणायला कुरैशने अम्र बिन आस (हे पुढे मुसलमान झाले) आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ यांना पाठवले. दूतांनी आधी दरबारातल्या धर्मगुरूंना भेटी वाटल्या. राजाने या लोकांचे काही ऐकूनच घेऊ नये, अशी त्यांची खटपट होती. नज्जाशीने मात्र ऐकल्याशिवाय कोणाला ताब्यात देण्यास नकार दिला. हजरत उम्मे सलमा (रजि.) स्वतः त्या मुहाजिरांत होत्या. हा वृत्तांत त्यांच्याच तोंडून आपल्यापर्यंत आला आहे.

हजरत जाफर (रजि.) यांनी सुरुवात तक्रारीने केली नाही, राजाच्या स्तुतीनेही नाही. आधी स्वतःच्या लोकांचे दोष सांगितले: आम्ही अज्ञानात होतो, मूर्ती पूजत होतो, मेलेले जनावर खात होतो, आमच्यातला बलवान दुर्बलाला गिळत होता. मग अल्लाहने आमच्यातूनच पैगंबर (स.) पाठवले. आधी काय होतो आणि नंतर काय झालो, ही जोडी उर्दूच्या तासाला आम्ही 'सनअते तजाद' म्हणून शिकवतो. त्यानंतर शिकवणुकीची यादी येते: खरे बोला, अमानत परत करा, नाती जपा, शेजाऱ्याशी चांगले वागा, अनाथाचा माल खाऊ नका. यातली बरीच कलमे ख्रिस्ती राजालाही मान्यच होती. मनातल्या मनात तो 'बरोबर' म्हणत गेला असेल.

छळाची गोष्ट त्यानंतर, तीही थोडक्यात. आणि अगदी शेवटी राजाचा गौरव: इतरांना सोडून आम्ही तुमच्याकडे आलो, कारण इथे आमच्यावर जुलूम होणार नाही अशी आशा होती. ही स्तुती नव्हे, राजावर टाकलेली जबाबदारी होती. (आमच्या स्पर्धांत अध्यक्ष महोदयांच्या स्तुतीतच दोन मिनिटे जातात.) राजाने वह्य ऐकवायला सांगितले तेव्हा त्यांनी सूरह मरियममधला भाग पढला. नज्जाशी इतके रडले की दाढी भिजली.

मुलीने विचारले, 'मग दुसऱ्या दिवशी?' प्रश्न नेमका होता. दुसऱ्या दिवशी अम्र यांनी डाव टाकला: हे लोक हजरत ईसा (अलै.) यांच्याबद्दल भयंकर बोलतात, विचारा त्यांना. इथे शब्दांची हातचलाखी करायचा मोह कोणालाही झाला असता. मुहाजिरांनी आपसात ठरवले, काहीही होवो, अल्लाहने जे सांगितले तेच सांगायचे. हजरत जाफर (रजि.) यांनी सरळ उत्तर दिले: ते अल्लाहचे बंदे, त्याचे रसूल, त्याची रूह आणि कुमारी मरियमकडे पाठवलेला त्याचा शब्द. तजाद नाही, लांबण नाही. धर्मगुरू कुरकुरले, पण नज्जाशींनी मुहाजिरांना अभय दिले आणि कुरैशच्या भेटी परत केल्या.

मुलीने सहा शेर काढले. एक तिला फार आवडतो, तो राहू दिला. भाषणाची सुरुवात आता दहावीनंतर घरी बसलेल्या तिच्या आपापासून होते. अब्बा पहिल्या रांगेत बसणार आहेत.