मुक्त आज्ञावलींतील सुधारणांची योजना

(१) जुने ग्रंथ व हस्तलिखितें यांच्या छायाप्रतींवरून संहिता उतरून, ती तपासून, सर्वांस वाचावयास ठेवण्याचें काम इंटरनेटवरील 'विकिस्रोत' या ग्रंथालयांत चालतें. मराठी व संस्कृत या दोन्ही भाषांसाठीं त्याच्या स्वतंत्र शाखा आहेत. हें ग्रंथालय ज्या आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर, उभें आहे, तिचें नांव मीडियाविकि. तींत पुढें कोणत्या सुधारणा व्हाव्या हें कोण व कसें ठरवितें, याचा खुलासा प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आपल्या दप्तरांतील मजकूर पुढील पिढीच्या हातीं कोणत्या रूपानें पडेल, हें पुष्कळ अंशीं याच निर्णयांवर अवलंबून असल्यामुळें संग्राहकांस हा विषय परका मानून चालणार नाहीं.

(२) मीडियाविकीचें मूळ रूप माग्नुस मान्स्के यांनीं रचिलें व इ. स. २००२ च्या आरंभीं तें विकिपीडियांत वापरांत आलें. त्याच वर्षीं ली डॅनियल क्रॉकर यांनीं तें बहुतेक नव्यानें लिहिलें. ही आज्ञावलि मुक्त आहे. म्हणजे तिची मूळ संहिता कोणासही वाचतां, उतरून घेतां व बदलतां येते. पोथी उतरणाऱ्यानें केलेला फेरफार आपणांस अनुमानानें शोधावा लागतो. येथें मात्र प्रत्येक पाठभेदाशेजारीं तो करणाराचें नांव, मिति व हेतु नोंदलेला असतो. तथापि बदल सुचविण्याची मुभा सर्वांस असली, तरी दुसऱ्या जाणत्यानें तपासून मान्य केल्यावांचून तो मूळ संहितेंत शिरत नाहीं.

(३) सुधारणेची मागणी प्रथम एका सार्वजनिक नोंदवहींत दाखल होते. इ. स. २०१४ पासून ही नोंदवही 'फॅब्रिकेटर' या नांवाची आहे. दोष कोणत्या पानावर दिसला, काय घडावयास हवें होतें व काय घडलें, हें जींत स्पष्ट असेल ती मागणी कामास येते. 'व्यवस्था बरी नाहीं' एवढेंच लिहिल्यास कोणी कांहीं करूं शकत नाहीं. मागण्या अनेक व करणारे हात थोडे, म्हणून अग्रक्रम लावावा लागतो. तो लावण्यास साह्य व्हावें म्हणून विकिमीडिया फाउंडेशननें इ. स. २०१५ पासून वापरणारांच्या इच्छांवर दरवर्षीं मतें घेण्याचा प्रघात पाडला.

या पद्धतींत एक उणीव होती. विकिपीडियाचे लेखक संख्येनें फार मोठे. ग्रंथसंशोधन करणारे मूठभर. नुसत्या मतसंख्येनें निर्णय होई, तेव्हां मूठभरांची गरज मागें पडे. म्हणून इ. स. २०१९ च्या अखेरीस झालेली पाहणी विकिपीडिया वगळून लहान प्रकल्पांपुरतीच ठेविली गेली. तींत पहिली पसंती विकिस्रोतावरील ग्रंथ वाचकांस नीट उतरवून घेतां यावे या मागणीस मिळाली, व दुसरी छायाप्रतींतील अक्षरें यंत्रानें ओळखण्याच्या साधनास, ज्यास ओसीआर म्हणतात. हें नवें साधन इ. स. २०२१ मध्यें वापरांत आलें. गरज महत्त्वाची असूनही तिचा निकाल मोजण्याच्या रीतीवर कसा अवलंबून असतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे. पुढें इ. स. २०२४ मध्यें वार्षिक मतदान जाऊन वर्षभर केव्हांही इच्छा नोंदविण्याची सोय झाली.

(४) मान्य झालेली सुधारणा एकदम सर्वत्र लागू करीत नाहींत. दर आठवड्याची नवी आवृत्ति प्रथम चांचणीच्या स्थळांवर, नंतर विकिस्रोतादि प्रकल्पांवर व शेवटीं बहुतेक विकिपीडियांवर चढते. बाहेरच्या संस्थांसाठीं दीर्घकाल सांभाळण्याच्या आवृत्त्या निराळ्या निघतात, १.३९ ही इ. स. २०२२ मध्यें व १.४३ ही इ. स. २०२४ मध्यें निघाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपूर्वीं इ. स. १९२३ मध्यें विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ति काढिली होती. आधीं नमुना, मग अभिप्राय व मग पक्कें काम, ही शिस्त आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे.

(५) आतां आपल्या प्रयोजनाकडे वळूं. विकिस्रोतांत पानाच्या पांच अवस्था मानिल्या आहेत : मजकूररहित, अतपासलेलें, अडचणीचें, एकवार तपासलेलें व प्रमाणित. ज्यानें पान प्रथम तपासलें त्यासच तें प्रमाणित करितां येत नाहीं. छापील ग्रंथास ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु मोडी कागदांत एकाच शब्दाचे दोन संभाव्य पाठ पुष्कळदां राहतात, व संपूर्ण पानास एकच अवस्था दिल्यानें त्यांचा भेद दिसत नाहीं. मोडीस युनिकोडांत इ. स. २०१४ मध्यें ७९ चिन्हांसह स्थान मिळालें खरें. पण अक्षरास क्रमांक मिळणें निराळें व लपेटीचें, शब्द न तोडतां लिहिलेलें अक्षर यंत्रास ओळखतां येणें निराळें.

ही गरज आपणच मांडिली पाहिजे, कारण आज्ञावलि लिहिणारानें मोडी रुमाल पाहिलेला असण्याचा संभव थोडा. मागणीबरोबर कांहीं पानांच्या स्वच्छ छायाप्रति, दोघां जाणत्यांनीं मिळवून पाहिलेलें देवनागरी वाचन, संशयित पाठांची यादी, व हें सर्व वापरण्यास मालकाची लेखी मोकळीक द्यावी. दप्तर कपाटांत राहिलें, तर त्याची अडचण नोंदवहींत येत नाहीं. आणि जी अडचण नोंदवहींत नाहीं, तिचा योजनेंत विचार होत नाहीं. इतिशम्.