पेत्राचे पाय

"राजाराम बंधारा, पहाटे पाच वाजता, 38 फूट 7 इंच." पाळकसाहेब मोबाइलवर आलेला मेसेज मोठ्यानं वाचतात. 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही हे आकडे पाठ असतात.

"आणि तुमची पातळी?" बाई स्वयंपाकघरातून विचारतात.

साहेब चप्पल काढून वजनकाट्यावर उभे राहतात. 61.9. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं कोरडं वजन 59.5. म्हणजे गुरुवारपासून आजपर्यंत अंगात 2 किलो 400 ग्रॅम पाणी साठलंय. बाई फ्रिजवरची वही काढून आकडा टिपतात आणि काही बोलत नाहीत. काही न बोलणं हीच शाबासकी. गेल्या आठवड्यात तीनच्या वर गेलं होतं, तेव्हा बारशाचं सरबत कुठं आणि किती प्यायलात याची पूर्ण चौकशी झाली होती.

दोन्ही किडन्या निकामी. आधी रक्तदाब, मग साखर, मग ही पायरी. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. मंडळीनं नेण्या-आणण्याच्या पाळ्या वाटून घेतल्यात, शनिवार माझा. दिवसाला प्यायला मिळतं ते एक लिटर, आणि त्यात सगळं आलं: चहा, गोळ्यांबरोबरचे घोट, आमटी, ताक. बाईंची रीत सोपी आहे. सकाळी एक लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवायची. साहेबांनी अर्धा कप चहा घेतला की तेवढंच पाणी बाटलीतून कपात काढायचं आणि खिडकीतल्या मोगऱ्याला घालायचं. संध्याकाळी बाटलीत किती उरलंय ते कुणाला सांगावं लागत नाही. मोगरा मात्र जोरात आहे.

तांबडा-पांढरा रस्साही बंद. मीठ आणि पाणी, दोन्ही वैरी त्यात एकदम येतात. किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा साहेब शांत होते. रस्सा बंद झाला तेव्हा मात्र त्यांनी देवाकडे रीतसर तक्रार नोंदवली, असं बाई सांगतात.

सातच्या आधी आम्ही केंद्रात पोचतो. ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेशी माणसाच्या छातीएवढं उंच मशीन. शेजारच्या खाटेवर हुपरीचे एक चांदी कारागीर, पलीकडे शिरोळ तालुक्यातले एक ऊसवाले शेतकरी. दोघंही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून येतात. ही योजना नसती तर आठवड्याला तीन वेळा इथं यायला अर्धं शिवार विकावं लागलं असतं, असं शेतकरी सांगतात.

साहेब डावी बाही वर करतात. मनगटाच्या वर धमनी आणि शीर शस्त्रक्रियेनं एकमेकींना जोडलेली आहे. त्याला इथं सगळे 'फिस्चुला' म्हणतात. जोडल्यावर शीर फुगून दोरीएवढी जाड होते, सुईला रक्ताचा भरपूर ओघ मिळतो. 1966 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही युक्ती जगापुढे मांडली. त्या हातावर रक्तदाब घ्यायचा नाही, पिशवी अडकवायची नाही, उशाखाली हात घेऊन झोपायचं नाही. मी तिथं बोटं टेकवतो. आत भुंगा कोंडल्यासारखी सतत गुणगुण चालू आहे. रोज सकाळी उठल्याबरोबर साहेब आधी ती चाचपून बघतात, मग प्रार्थनेला बसतात. गुणगुण थांबली तर फिस्चुला बंद पडला असं समजायचं आणि पळायचं.

टेक्निशियन दोन सुया टोचतो. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. मधल्या नळकांड्यात हजारो केसांएवढ्या बारीक नळ्या. त्यांच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून शुद्ध केलेलं क्षारयुक्त पाणी. मिनिटाला साधारण अर्धा लिटर. चार तासांत 120 लिटर पाणी या माणसाच्या रक्ताला बाहेरून धुऊन जातं, आणि त्याला स्वतःला दिवसाचा एक लिटर पुरवून पुरवून प्यायचा.

म्हणूनच खाटांवरची सगळी बोलणी फिरून पुराशी येतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, उपसा केंद्रं बुडाली आणि शहराचे नळ कोरडे पडले. चहूकडे पाणी असताना पाणी नव्हतं. "तवा मला गावातनं बोटीतनं काढलं," शेतकरी सांगतात. "बाकीची दागिनं घिऊन बसलीती, म्या फाइल घिऊन."

पहिलं चालणारं मशीन विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरांनी 1943 साली बनवलं, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, सॉसेजचं वेष्टण म्हणून वापरायच्या सेलोफेनच्या नळीतून. ही गोष्ट साहेबांनी इथं सगळ्यांना सांगून झालीय. दुसरी मात्र ते फारशी सांगत नाहीत. आज मला सांगतात. अमेरिकेत सिॲटल शहरात 1962 च्या सुमारास मशीनं मोजकी आणि रोगी पुष्कळ होते. कुणाला जगवायचं हे ठरवायला सात जणांची समिती नेमली. त्यांत एक धर्मोपदेशकही होता. अर्जदाराची मिळकत किती, लेकरं किती, तो चर्चला जातो का, असंही सगळं बोलण्यात यायचं.

"मी पास झालो असतो," साहेब म्हणतात आणि शेजारी बघतात. हुपरीचे कारागीर डोळे मिटून पडलेत, गळ्यात जोतिबाचा ताईत. "हे नापास. आणि त्या खुर्चीत बसलेला माझ्यासारखाच कुणीतरी असणार."

कारागीर झोपलेले नसतात. "साहेब, एक इचारू? तुमी देवाचं मानूस. तुमाला का असलं?"

"देवाचं मानूस म्हणून रक्तातलं पोटॅशियम कमी हुतंय व्हय?" साहेब हसतात. कारागीरही हसतात, पण प्रश्न तिथंच राहतो. साहेबांना तो नवा नाही. मागच्या महिन्यात नात्यातलेच दोघं घरी येऊन सांगून गेले, एका चंगाई सभेला चला, हात ठेवून प्रार्थना होईल, विश्वास असेल तर मशीनची गरज उरणार नाही. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि त्रफिमाची गोष्ट सांगितली. त्रफिम हा पौलाचा सोबती. ज्या पौलाच्या हातून रोगी बरे झाले, त्यानंच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी कळवलंय की त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मिलेतात ठेवून आलो. बस, एवढंच. तो बरा झाला की नाही, पुढं काही नाही. "मी मिलेतातला माणूस आहे," साहेब म्हणतात. "देवानं सोडलं म्हणून मागं राहिलो असं नाही. आजारी होतो म्हणून राहिलो. मिलेतातसुद्धा मंडळी असतीलच की."

तिसऱ्या तासाला पायात गोळे येतात. साहेबांचं बोलणं थांबतं, ओठ पांढरे पडतात. सिस्टर मशीनवरचं काहीतरी कमी करते, मी पोटऱ्या दाबतो. ते डोळ्यांनीच मला थांबवतात. सिस्टरनं दाबलेलं चालतं, मी दाबलेलं चालत नाही. मी मंडळीतला.

गोळे उतरल्यावर उजव्या हातानं कागद ओढून ते उद्याच्या संदेशाचे मुद्दे लिहायला घेतात. ऑगस्टचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. वचन योहानाच्या शुभवर्तमानातलं, तेरावा अध्याय: शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र आधी साफ नकार देतो.

दुपारी पार्सनेजमध्ये जेवायला थांबतो. बटाटे चिरून, उकळून, पाणी फेकून मग फोडणीला टाकलेले; तेवढंच पोटॅशियम कमी. साहेब दोन घास खाऊन आडवे होतात. डायलिसिसनंतरची दुपार त्यांची नसतेच. बारावीतला मुलगा आतल्या खोलीत गणितं सोडवतोय. पुण्याहून आलेली मुलगी टेबलावर फाइल उघडते.

घरातला खरा वाद हा आहे. बाईंची किडनी देता येत नाही. त्यांनाही साखर आहे. साहेबांचं नाव पुण्याच्या विभागीय प्रतीक्षा यादीत आहे, पण ती यादी पुढं सरकते ती कुणाच्या तरी घरात मेंदूमृत्यूचं दुःख येईल तेव्हा आणि तशातही ते घर हो म्हणेल तेव्हा. राहिली मुलगी. सव्वीस वर्षांची, ठणठणीत, रक्तगट तोच. 1994 च्या कायद्यानं ती जवळची नातेवाईक. तिनं दिलेलं चालतं. साहेबांनाच चालत नाही.

"तुझं लग्न व्हायचंय," ते खाटेवरून म्हणतात.

"ज्याला दोन किडन्यांची बायको पाहिजे असेल त्यानं दुसरीकडं बघावं."

"उद्या बाळंतपण असतं, काय काय असतं."

"ते मी डॉक्टरांना विचारणार आहे, पप्पा. तुम्ही नुसती तपासणीसुद्धा करू देत नाही."

"लेकराकडून घ्यायचं नसतं. द्यायचं असतं." साहेब कुशीवर वळतात. त्यांच्या बाजूनं सभा बरखास्त.

मुलगी फाइल मिटते, पण बॅगेत ठेवत नाही. बाई लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचत बसल्यात. डायलिसिसच्या वेटिंगमध्ये सुरू केलेलं पुस्तक आता घरीही चालू आहे. "हे बघा," त्या मला हळू आवाजात सांगतात, "टिळक हातातलं सगळं वाटून मोकळे व्हायचे आणि संसार लक्ष्मीबाईंनी ओढायचा. आमचेही त्यातलेच. द्यायचं म्हटलं की मध्यरात्री उठतील. आजाऱ्याला बघायला जायचं, मयताला जायचं, कुणाचं भांडण सोडवायचं. घ्यायची वेळ आली की मात्र अभिमान आडवा. त्याला ते त्याग म्हणतात."

रविवारी पाणी 40 फुटांवर. इशारा पातळी ओलांडलीय, तरी निम्मी बाकडी भरलीत. छत्र्यांचा ढीग दाराशी. 1852 साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासून या गावात मराठीत उपासना चालत आलीय. 'उपासना संगीत' उघडलं जातं, पेटी आणि तबला लागतो, पावसाच्या आवाजावर आवाज चढवून मंडळी टिळकांचं गीत म्हणते.

साहेब खुर्चीत बसून बोलतात. उभं राहून बोलायचं त्यांनी मागच्या वर्षी सोडलं. पहिली पाच मिनिटं आवाज बारीक आहे, मग सुधारतो.

"पेत्राला आपण नम्र समजतो," ते म्हणतात. "गुरूनं माझे पाय धुवावेत? छे. ऐकायला किती बरं वाटतं. पण प्रभूला ते बरं वाटलेलं नाही. कारण पेत्राला आपलं स्थान सोडायचं नव्हतं. मी करणारा, मी धावणारा, मी तलवार काढणारा. धुऊन घेणारा मी नव्हे. पाय पुढं करायचे म्हणजे पायाची घाण दुसऱ्याला दाखवायची. त्याला आपली तयारी नसते."

तिसऱ्या बाकावर मुलगी हाताची घडी घालून ऐकते. बाई गीतपुस्तकात बघताहेत, पण पान उलटत नाहीत. बोलता बोलता साहेबांची नजर त्या बाकावर जाते आणि पुढचं वाक्य त्यांना सापडत नाही. कागद बघतात. कागदावरही नसावं. मग ते एकदम प्रार्थनेला लागतात. संदेश नेहमीपेक्षा चांगला सात-आठ मिनिटं आधी संपतो.

भाकर आणि प्याला देताना दोन वडीलजन त्यांच्या दोन बाजूंनी चालतात. एकानं तबक धरलंय, दुसऱ्याचा हात साहेबांच्या कोपराशी. सगळ्यांचं झाल्यावर एक वडीलजन साहेबांपुढे छोटा प्याला धरतात. द्राक्षरस, दोन चमचे असेल. साहेब घेतात.

उपासनेनंतर व्हरांड्यात "सलाम, सलाम" चालू होतं. एक आजी पदराखालून दोन शहाळी काढतात, खास साहेबांसाठी. शहाळ्यात पोटॅशियम खच्चून. बाई ती आदरानं घेतात, आजींच्या पाया पडतात आणि मागच्या मागं मुलाच्या हातात देतात. मग पर्समधून छोटी वही काढून टिपतात: प्रभुभोजन, 10 मिली.

गर्दी पांगल्यावर मुलगी बापासमोर उभी राहते. मला वाटतं ती भांडेल. ती एवढंच विचारते, "पप्पा, पेत्रानं शेवटी धुऊन घेतले का पाय?"

"तेरावा अध्याय तू पाठ केलायस संडे स्कूलला."

"मला आठवतंय. तुम्ही आज तिथपर्यंत आला नाहीत, म्हणून विचारलं."

साहेब माझ्याकडे बघतात, बाईंकडे बघतात. कुणी मदतीला येत नाही.

"नुसती तपासणी," ते म्हणतात. "बाकी काही कबूल केलेलं नाही मी."

"मंगळवारी?"

"मंगळवारी माझं मशीन असतं. बुधवारी."

"बुधवारी स्त्रियांची सभा आहे," बाई वही मिटत म्हणतात. "ती मी शुक्रवारवर ढकलते. महामार्ग तेवढा चालू राहू दे."