नकाशाप्रमाण आणि अंतरमापन : किनारपट्टीच्या लांबीचे उदाहरण

नकाशावरील अंतर आणि भूपृष्ठावरील प्रत्यक्ष अंतर यांच्या गुणोत्तरास नकाशाप्रमाण असे म्हणतात. ते शब्दांत, अंकांत अथवा रेषेने दर्शविले जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर दोन गावांमधील अंतर ७ से.मी. भरले, तर प्रत्यक्षात ते ३.५ कि.मी. असते. हे गणित विद्यार्थी सहज करतात. (प्रश्नपत्रिकेत नकाशाची लहान केलेली झेरॉक्स प्रत जोडल्यास मात्र अंकप्रमाण चुकीचे ठरते, रेषाप्रमाण नकाशाबरोबर आकसत असल्याने तेच वापरावे.)

खरी अडचण वक्र रेषेपाशी येते. रस्ता, नदी वा किनारा यांची लांबी दोरा अथवा रोटामीटर फिरवून मोजतात व प्रमाणाने गुणतात. परंतु जी वळणे नकाशावर काढलेलीच नाहीत, ती दोऱ्याला सापडणार कशी?

भारताच्या किनारपट्टीची ७,५१६.६ कि.मी. ही सर्वपरिचित लांबी १९७० च्या दशकात १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशांवरून काढण्यात आली होती. या प्रमाणात १ मि.मी. म्हणजे ४.५ कि.मी. होतात, साहजिकच कोकणातील लहान खाड्या, भूशिरे व दंतुर कडा त्या रेषेत विरून जातात. अलीकडे १:२,५०,००० प्रमाणाच्या, म्हणजे १ मि.मी.ला २५० मीटर दाखविणाऱ्या, माहितीवरून फेरमोजणी झाली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात ही लांबी ११,०९८.८१ कि.मी. अशी नोंदविली आहे. वाढ सुमारे ४८ टक्के! महाराष्ट्राचा आकडा ६५२.६ वरून ८७७.९७ कि.मी. झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांतून मात्र ७२० कि.मी. हा आकडा रूढ आहे.

या वाढीचा अर्थ जमीन वाढली असा नव्हे, आणि जुनी मोजणी निष्काळजीपणाची होती असेही नव्हे. प्रमाण बृहत् झाले की अधिक वळणे रेषेत येतात व लांबी वाढते. याहून बृहत् प्रमाण घेतल्यास आजचा आकडाही मागे पडेल. म्हणून किनाऱ्याची लांबी प्रमाणाचा उल्लेख न करता विचारणारा वस्तुनिष्ठ प्रश्न सदोष होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रात्यक्षिकाच्या तासाला दाभोळ ते जयगड हा किनारा प्रथम राज्याच्या भिंतीवरील नकाशावर व नंतर स्थलनिर्देशक नकाशावर त्याच दोऱ्याने मोजून घ्यावा. दोन्ही उत्तरे प्रमाणासह वहीत शेजारी शेजारी लिहून घ्यावीत.