शस्त्रक्रियेनंतर लघवी सुटते? मुलीला रागावू नका

काही मुलींना जन्मतः ‘सीएएच’ हा अधिवृक्क ग्रंथीचा आजार असतो. कॉर्टिसॉल कमी बनते, पुरुषी हार्मोन वाढतात आणि जननांगाची रचना वेगळी होते. त्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर काहींची लघवी सुटते किंवा अर्धवट होते. हा आळस नव्हे, देवीचा कोप तर नव्हेच.

वस्तीत संडास लांब, म्हणून मुली पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात, हे आम्ही रोज पाहतो. त्याने जंतुसंसर्ग वाढतो. दर 2-3 तासांनी लघवीला पाठवा, वेळा वहीत लिहा. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. हार्मोनच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, जिवावर बेतते.

शाळेतल्या बाईंना सांगून ठेवा. यापायी शाळा सुटता कामा नये. पुन्हा शस्त्रक्रिया सुचवली, तर मुलीलाही विचारा. शरीर तिचे आहे.

जय भीम!