गंगाखेड मावत नाही!

थर्ड इयरला डीबीएमएस सुरू झालं की होस्टेलमध्ये एकच चर्चा, ओरॅकल शिकायचं की मायएसक्यूएल? सीनियर्स म्हणतात, पुण्यात मोठ्या कंपनीत जायचंय तर ओरॅकल. बाकीचे म्हणतात, फुकट आहे ते वापरा. मित्रांनो, माझ्या मते हा प्रश्न आधी आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांना विचारावा. (मी कॉन्व्हेंटची, तरी हे मराठीतच सांगायला हवं, का ते कळेलच.)

होस्टेलच्या मुलींची यादी मराठीत ठेवायची, असं आमचं मिनी प्रोजेक्ट होतं. तालुक्याच्या कॉलमला २० ची जागा दिली आणि तोच टेबल मी चार डेटाबेसवर करून पाहिला. ओरॅकलमध्ये परभणी, सेलू, जिंतूर, सोनपेठ सगळे बसले. गंगाखेड मात्र एरर देऊन बाहेर! मात्रा-अनुस्वार धरून चिन्हं फक्त सात, मग अडचण काय? तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. सात त्रिक एकवीस. आणि वेगळं सांगितलं नाही तर ओरॅकल २० म्हणजे २० बाइट समजतो. २० च्या पुढे 'कॅर' लिहिलं की गंगाखेड आत. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस बाइट नाही, चिन्हं मोजतात, तिथे काही झालं नाही. एसक्यूएल सर्व्हरने साध्या व्हारकॅरमध्ये सगळ्या तालुक्यांची प्रश्नचिन्हं केली. तिथे एनव्हारकॅर घ्यायचा आणि मजकुराच्या आधी एन लावायचा.

आता फुकटवाल्यांबद्दल. मायएसक्यूएल २००८ मध्ये सनने घेतला आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. म्हणजे भांडणातले दोघे एकाच घरचे! मूळ निर्माता मायकेल विडेनियसने २००९ मध्येच मारियाडीबी वेगळा काढला होता. पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ ची, बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्याकडे. तो कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्यावर काम करणाऱ्या एंटरप्राइजडीबीचं ऑफिस पुण्यात आहे, सीनियर्सनी नोंद घ्यावी.

लॅबमध्ये जुना मायएसक्यूएल असेल तर एक बघा. ८.०.१६ (२०१९) च्या आधीचा असेल तर 'वय शून्यापेक्षा जास्त' ही चेक कंडिशन तो मुकाट्याने ऐकून घेतो आणि पाळत नाही. वय उणे पाच, चालतंय! पोस्टग्रेस तिथेच अडवतो. शिवाय त्यात टेबलची रचना बदलतानाही रोलबॅक करता येतं, मायएसक्यूएलमध्ये अल्टर टेबल दिलं की कमिट झालंच. म्हणून नवीन कामाला मी पोस्टग्रेस घेईन.

पण जिथे वर्षानुवर्षांचा पीएल/एसक्यूएल कोड साचलाय, तिथे ओरॅकल सोडणं लायसन्सपेक्षाही महाग पडू शकतं. एक उदाहरण देते. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नल समजतो, पोस्टग्रेस दोन्ही वेगळं मानतो. वडिलांचं नाव न भरलेल्या मुली शोधणारी क्वेरी ओरॅकलमध्ये बरोबर चालेल. तीच पोस्टग्रेसवर नेली तर रिकामी स्ट्रिंग साठवलेल्या मुली यादीतून गायब होतील, आणि एररही येणार नाही.